ज्याचं उत्तर त्याला

बाईंकडे एकच प्रश्न घेऊन जायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं.

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं तयार व्हायची. ते मशीन सुरू झालं की आमची टेबलं बारीक थरथरायची आणि चहाच्या कपात वर्तुळं उमटायची. आमचं काम औषधं शोधायचं. वसईपासून विरारपर्यंतच्या केमिस्टांनी आमच्या ॲपवर औषधाचं नाव टाकायचं, आणि ते कुठल्या होलसेलवाल्याकडे किंवा आसपासच्या कुठल्या दुकानात शिल्लक आहे, हे आमच्या सर्व्हरने शोधून सांगायचं. तो सर्व्हर, त्यातली शोधाची सगळी यंत्रणा बाईंनी उभी केलेली. मुंबईतल्या मोठ्या कंपनीतली वरची जागा सोडून त्या इथे आल्या होत्या. का आलात, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "इथून घरी जेवायला जाता येतं."

बाई खिडकीपाशी बसायच्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि केसात घरच्या वाडीतला सोनचाफा. मी नुकती इंजिनिअर होऊन आलेली. घाबरतच त्यांच्या टेबलापाशी गेले.

"बाई, सर्व्हरचं लॉगिन कुणाकडून मिळेल?"

त्यांनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "आणखी?"

"आणखी काही नाही."

"असं कसं? पहिला दिवस ना तुझा? प्यायचं पाणी कुठे आहे, माहीत आहे?"

"नाही."

"मग जा. काय काय विचारायचंय ते सगळं जमव आणि एकदाच ये."

मला वाटलं, बाईंनी हाकलून दिलं. जागेवर येऊन तोंड पाडून बसले. पण बसल्या बसल्या खरंच प्रश्न सुचायला लागले. लॉगिन, पाणी, जेवणाचा डबा कुठे गरम करायचा, शनिवारी सुट्टी असते का, आणि संध्याकाळी स्टेशनला जायला रिक्षा कुठून मिळते. परत गेले. या वेळी बाईंनी हात मांडीवर घेतले, डोळे मिटले आणि मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मध्ये हुंकारसुद्धा नाही.

"झालं?"

"झालं."

मग डोळे न उघडताच त्यांनी बोलायला सुरुवात केली. लॉगिन त्या स्वतः देणार होत्या. पाणी जिन्याखालच्या माठात. डबा खालच्या मशीनवाल्यांकडे द्यायचा, त्यांच्याकडे शेगडी आहे. "शनिवारचं मला माहीत नाही, मी येते. रिक्षा मात्र नाक्यावरून घे, गेटवरचे जास्त सांगतात." एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. मी विचारलं होतं त्याच क्रमाने उत्तरं आली होती. माहीत नसलेल्या प्रश्नालाही त्याच्या जागी त्याचं उत्तर मिळालं होतं. त्या दिवशी मला ते विक्षिप्तपणाचं वाटलं.

पुढे पुढे मी त्यांना चहाच्या वेळी बघायची. चार-पाच जण भोवती कोंडाळं करून उभे असायचे आणि प्रत्येकाला घाई. बाई कुणालाच लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. "सगळ्यांनी विचारा," म्हणायच्या. एकाचा प्रश्न कोडचा, दुसऱ्याचा रजेचा, तिसऱ्याला मुलाच्या शाळेचं काहीतरी विचारायचं असायचं. सगळं ऐकून झालं की बोट एकेकाकडे वळायचं आणि ज्याचं उत्तर त्याला मिळायचं. कधी एखाद्याला, "तुझं मला माहीत नाही," असं स्वच्छ सांगून बोट पुढे सरकायचं. त्यांचा चहा तोवर कोमट झालेला असायचा, आणि त्यांना तो तसाच आवडायचा.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. घर उमेळ्यात. दोन्ही बाजूंनी इमारती आल्या होत्या, पण मध्ये त्यांची वाडी होती. केळी, थोडी भाजी आणि फुलझाडं. काका, म्हणजे बाईंचे मिस्टर, ती वाडी करायचे. अंगात बनियन, डोक्याला पंचा आणि तोंडावर कायम कुणाची तरी थट्टा केल्यासारखं हसू. आम्ही अंगणात आलो तशा बाई बूट काढता काढताच म्हणाल्या, "फुलं बाजारात गेली का, मोटर दुरुस्त झाली का, दुपारची गोळी घेतलीत का, आणि या मुलीला पाणी विचारलंत का?"

काका केळीच्या बुंध्यापाशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "आता विचारतो. घेतली. झाली. गेली."

"उलटं," बाई म्हणाल्या.

"तुला कळलं ना?"

"मला कळलं. या पोरीला काय कळणार?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्न झाल्यापासून हा इंटरव्ह्यू चालू आहे. सुलट उत्तर दिलं तर पास होईन, म्हणून देत नाही."

बाई हसल्या. ऑफिसात मी त्यांना तशा हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचं हे वागणं आणि त्यांचं काम वेगळं नव्हतं, हे कळायला मला थोडा वेळ लागला. डॉक्टरांच्या एका चिठ्ठीवर पाच-सहा औषधं असतात. आमचं जुनं ॲप प्रत्येक औषधासाठी सर्व्हरकडे वेगळी फेरी मारायचं. जायचं, दार ठोठावायचं, एक नाव विचारायचं, उत्तर घेऊन परत यायचं, मग पुढचं नाव. शोधायला लागायचा त्याहून जास्त वेळ या जाण्यायेण्यात जायचा. बाईंनी ते बदललं. चिठ्ठीवरची सगळी नावं एकाच फेरीत पाठवायची, सर्व्हरने प्रत्येकाचा शोध स्वतंत्र घ्यायचा, आणि सगळी उत्तरं विचारलेल्या क्रमाने एकदम परत द्यायची.

यात त्यांचे दोन कडक नियम होते. आमच्यातल्या एकाने एकदा असं लिहिलं की, सहापैकी एक शोध फसला तर सहाही फसले असं समजायचं. ते सोपं जात होतं. बाईंनी त्याला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "पंगतीत एकाच्या पोटात दुखलं, तर सगळ्यांना पानावरून उठवणार का तू?" तो बिचारा परत गेला आणि सगळं नव्याने लिहून आला.

दुसऱ्या नियमावरून त्यांचं आमच्या मालकांशी वाजलं. मालक तरुण होते, हुशार होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. नवीन ॲप बघून ते खूश झाले, पण एका गोष्टीवर अडले.

"मॅडम, जे औषध मिळत नाही ते स्क्रीनवर दाखवायचं कशाला? जेवढी सापडली तेवढी दाखवू ना. लाल अक्षरात 'नाही' आलं की निगेटिव्ह वाटतं."

"विचारलं सहा, तर उत्तरं सहा जायला हवीत," बाई म्हणाल्या.

"केमिस्टला कळेल ना काय राहिलं ते. चिठ्ठी त्याच्या हातात असते."

"समोर गर्दी असली की नाही कळत. त्याला वाटतं, सगळं झालं."

"ओके, मग एक काम करा. बारीक अक्षरात टाका, खाली कुठेतरी."

"ज्या जागी विचारलं त्याच जागी येणार. आणि अक्षर तेवढंच राहणार."

सर थोडे तापले. म्हणाले, कंपनी माझी आहे. बाई म्हणाल्या, हो, तुमचीच आहे, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ते लिहून घ्या. आवाज चढला नव्हता. सर आमच्याकडे बघायला लागले. आम्ही सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. 'नाही' जिथे होतं तिथेच राहिलं.

मग महामार्गावरचा पूल दुरुस्तीला घेतला तो आठवडा आला. अवजड गाड्या अडवल्या, उरलेल्या रस्त्यावर अशी कोंडी झाली की वसईकडे माल घेऊन येणारे टेम्पो, ट्रक जागच्या जागी उभे. होलसेलवाल्यांकडे नवा माल येईना. दोन-तीन दिवसांत दुकानांमधली औषधं संपायला लागली, आणि जो तो आमच्या ॲपवर शोधायला लागला की, आपल्या टापूत कुणाकडे काय उरलंय.

एका दुपारी सर्व्हर गुदमरला. निम्म्या केमिस्टांनी नवीन ॲप घेतलंच नव्हतं. त्यांच्या जुन्या ॲपमधून औषधागणिक वेगळी फेरी येत होती. उत्तर यायला उशीर झाला की माणसं पुन्हा बटण दाबत होती, आणि त्याने गर्दी आणखी वाढत होती. ऑफिसातले सगळे फोन वाजत होते. सर खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घालत होते. आम्ही सगळे एकाच वेळी बोलत होतो.

बाईंनी डोळे मिटले होते. आम्ही काय काय बोलतोय ते त्या ऐकत होत्या. आमचं बोलणं संपलं, तसे त्यांनी डोळे उघडले आणि मला जवळ बसवून घेतलं.

"जुनी ॲप आत्ता बदलता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "येणारे प्रश्न एकेकटे येणार. मग आपण त्यांना दारातच क्षणभर थांबवू. जमतील तेवढे एकत्र करू, एका फेरीत आत पाठवू, आणि उत्तरं आली की ज्याची त्याला वाटून देऊ. माणसाला कळणारही नाही आपण थांबलो होतो ते."

आणि त्या लिहायला लागल्या. मी शेजारी बसून बघत होते. त्यांची बोटं भराभर चालत नव्हती. एकसारखी, न अडखळता चालत होती, घरी फुलं ओवताना चालावीत तशी. सर दर थोड्या वेळाने येऊन विचारायचे, "झालं का?" त्या मान हलवायच्या. लिहून झालं तेव्हा सर पाठीशीच उभे होते.

"करा मॅडम सुरू."

"अजून नाही."

"आता काय?"

"शंभर जणांचे प्रश्न एकत्र आत जाणार आहेत. उत्तरं वाटताना एकाचं दुसऱ्याला गेलं तर? एकाने इन्सुलिन विचारलंय, दुसऱ्याने पोराच्या तापाचं औषध. तपासून घेते."

"मॅडम, बाहेर लोक खोळंबलेत."

"उशीर झाला तर चालेल. अदलाबदल झालेली चालणार नाही."

त्या वेळी मला सरांचं म्हणणं पटत होतं, हे खरं सांगते. फोन वाजतच होते. पण बाईंनी मला खोटे प्रश्न तयार करायला लावले, मुद्दाम उलटसुलट, काही अर्धवट, काही फसणारे. त्यांनी ते पुन्हा पुन्हा दारातून आत सोडले आणि प्रत्येक उत्तर मागणाऱ्याकडेच परत जातंय ना, हे पाहिलं. पहिल्यांदा एक चूक निघाली. एक प्रश्न मध्येच फसला की त्याच्या मागची सगळी उत्तरं एकेक जागा पुढे सरकत होती. म्हणजे एकाचं औषध शेजाऱ्याला. मी सरांकडे बघितलं. सर खाली बसले. बाईंनी ते दुरुस्त केलं, पुन्हा सगळं तपासलं आणि मग यंत्रणा सुरू केली.

फोन एकेक करून थांबत गेले. खालच्या मशीनचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

शेवटचा फोन अर्नाळ्याच्या एका केमिस्टचा होता. मी स्पीकरवर टाकला. त्यांच्याकडे एक माणूस आला होता, त्याच्या बायकोची किडनी बदललेली. औषधं चुकवून चालणार नव्हतं. केमिस्ट म्हणाला, सगळी सापडली, दोन दुकानांत मिळून आहेत, फक्त चौथ्यापुढे 'नाही' येतंय, ते नक्की नाही का? बाईंनी स्वतः शोधून बघितलं आणि सांगितलं, "नक्की नाही. विरारपर्यंत कुणाकडेच नाही. इथे शोधत फिरू नका."

मागून त्या माणसाचा आवाज आला. रस्ता अडला होता, पण लोकल गाडी चालू होती. "नाय तर नाय. कलला ता बरा झाला. मी गारीन बसतंय आन मुंबईशी घेऊन येतंय."

संध्याकाळी केमिस्टने कळवलं, औषध आणलं, वेळेत पोचलं. सर बराच वेळ बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले. मग स्वतः जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. त्या रात्री घरी आईला हे सांगताना माझ्या लक्षात आलं, की आपण एका माणसाबद्दल बोलताना आवाज खाली आणलाय, देवळात बोलावं तसा.

त्यानंतर काही महिन्यांनी काका वाडीत पडले. सकाळी फुलं खुडत होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी डबा घेऊन हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाई आयसीयूच्या दाराशी उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांची मुलगी पुण्याहून निघाली होती. पायात तेच पांढरे बूट, केसात काही नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, थकलेले. बाईंनी त्यांना एका दमात विचारलं.

"जिवाचा धोका टळला का? हात-पाय परत चालतील का? बोलतील का? खायला कधी देता येईल? आणि मला आत बसू द्याल का?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आजचा दिवस काढला की धोका बराच कमी होईल. व्यायामाने पाय चालेल, हाताला वेळ लागेल. खाणं सध्या नळीतून. संध्याकाळी थोडा वेळ आत बसता येईल. एवढं सांगून ते निघाले.

"तिसऱ्याचं राहिलं," बाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. "मावशी, आपण पॉझिटिव्ह राहू या."

"चांगलंच उत्तर द्या असं नाही म्हणत मी. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पण ती जागा मोकळी सोडून जाऊ नका. मी दिवसभर तिच्यात वाटेल ते भरत बसेन."

मी आजवर बाईंचं ते वाक्य विसरलेले नाही. कंपनीतलं लाल अक्षरांतलं ते 'नाही', त्याच्यासाठीचं ते भांडण, हे सगळं त्या क्षणी मला पहिल्यांदा आतून कळलं. डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. बाईंकडे सरळ बघितलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "काही जणांची वाचा परत येते, काहींची नाही येत. काही आठवड्यांनी थोडा अंदाज येईल. आज खरंच माहीत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसल्या. माझ्या हातातला डबा घेतला, उघडला आणि जेवल्या.

काका घरी आले. बाईंनी ऑफिसात येणं कमी केलं, सर्व्हर माझ्याकडे सोपवला. मी रविवारी उमेळ्याला जायची. काका ओट्यावर खुर्चीत बसलेले असायचे, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांना सगळं कळायचं. डोळ्यांत थट्टा तशीच होती, फक्त शब्द येत नव्हते.

आणि बाई आता एका वेळी एकच विचारायच्या. "पाणी हवं?" विचारायच्या आणि थांबायच्या. किती थांबायच्या. भेटायला आलेली माणसं अस्वस्थ व्हायची, काकांच्या वतीने उत्तर द्यायला जायची, "हवं असेल हो त्यांना, द्या ना." बाई हात वर करून त्यांना गप्प करायच्या आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. काकांचे ओठ हलायचे, घशातून काहीतरी निघायचं, शेवटी ते डाव्या हाताने खूण करायचे. मग बाई उठायच्या. मला हे बघवायचं नाही, आणि उठून जाताही यायचं नाही. इतक्या झपाट्याने चालणारं ते डोकं एका माणसासाठी इतकं सावकाश चालू शकतं, हे मला सर्व्हर अडकला त्या दुपारच्या कामाहून मोठं वाटायचं.

एका रविवारी मी निघायच्या तयारीत होते. कामावर काय चाललंय ते सांगून झालं होतं. बाई समोर बसून सुपात पावटे सोलत होत्या. मी पर्स खांद्याला लावली, म्हटलं, "येते काका," आणि ओट्याची पायरी उतरले.

"बस," मागून आवाज आला.

जाड, ओला, अर्धा तुटलेला आवाज. मी वळले. काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या काकांकडे बघत राहिल्या. मग सूप खाली ठेवून उठल्या आणि आत गेल्या. स्वयंपाकघरातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

मी पायरी चढून आले आणि काकांसमोर बसले.